इथपर्यंत बरोबर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या सध्याच्या परिस्थितीमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. आठ अंगांपैकी जेवढी वाकली तेवढ्यांचा गोड मानून घे.) तुझा रक्तदाब, तुझी पाठ आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या लेकीचीही ठणठणीत आहे. हे पहिल्याच परिच्छेदात उरकून घेतो, कारण गेली अकरा वर्षं तुम्ही मायलेकी फोनवर एकमेकींची फक्त तब्येत विचारता आणि फोन ठेवता. बाकीचा सगळा माल, म्हणजे राग, टोमणे, खुलासे आणि हाताने विणलेले स्वेटर, माझ्यामार्फत ये-जा करतो. टपालखात्यातून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली, पण घरचा बटवडा काही सुटला नाही.

आता कामगिरीचा अहवाल. तू मला मुख्याध्यापकपदाचा अर्ज देऊन इकडे पाठवलंस. अर्ज तुझ्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत, पूर्ण भरलेला. फक्त सहीची जागा कोरी. दोन खोल्यांची शाळा तू बारा खोल्यांची केलीस, तुझ्यामागून आलेले मुख्याध्यापक आता निवृत्त होताहेत, आणि त्या खुर्चीत छकुलीनेच बसावं ही तुझी इच्छा. महिनाअखेरच्या आत सही घेऊन ये, रिकाम्या हाताने आलास तर दार उघडणार नाही, असा तुझा हुकूम. 'चांगली मुलं शिकवायची सोडून यंत्रं शिकवत बसलीय' हे तुझं वाक्य मी वाटेत दहा वेळा घोकलं. ताई, खोटं कशाला सांगू, निघालो तेव्हा मी शंभर टक्के तुझ्या बाजूचा होतो. (माझ्या स्वतःच्या बाजूचा मी लहानपणापासून कधीच नव्हतो. तू होऊच दिलं नाहीस.)

आल्या आल्या विषय काढणार होतो. पण जावईबापू कामासाठी परगावी, घरात आम्ही दोघंच, आणि मी खाकरून सुरुवात करणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, तुझं अपूर्णांकांशी अजून वाकडं आहे ना?" मी म्हटलं, बाई गं, पंचावन्न वर्षं मी ते वैर इमानेइतबारे सांभाळलं आहे. त्यावर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तिला नेमका असाच माणूस हवा होता. तिची कंपनी शाळेतल्या मुलांसाठी पडद्यावर गणितं सोडवायचा कार्यक्रम बनवते हे तुला माहीत आहेच (आणि मान्य नाही, हेही मला माहीत आहे). तो कार्यक्रम तपासायला त्यांना खरोखरच चुकणारी माणसं लागतात. हुशार माणसं मुद्दाम चुकायला जातात आणि तेही त्यांना नीट जमत नाही म्हणे. अशा रीतीने ज्या गुणासाठी तू मला सातवीत दोन वेळा रडवलंस, त्या गुणावर मला तिच्या ऑफिसात प्रवेश मिळाला.

ऑफिस म्हणजे एक लांबच लांब खोली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यांचे तीन रकाने: 'चालू', 'अडलेलं', 'झालं'. अकरा माणसं कानाला डबे लावून आपापल्या पडद्यासमोर बसलेली. कुणी कुणाशी बोलत नाही, आणि शेजारच्या माणसालाही निरोप लिहून पाठवतात. (आमच्या खात्याला अशी गिऱ्हाइकं मिळाली असती तर!) दारातच छकुलीने मला बजावलं होतं, की इथे मी अकरा माणसांची मॅनेजर आहे, मला घरच्या नावाने हाक मारू नकोस. मी मान डोलावली. मग पाचव्या मिनिटाला मला स्वच्छतागृह सापडेना, तेव्हा खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला मी टपालखात्याच्या आवाजात हाक घातली, "छकुलेऽ!" अकराच्या अकरा जणांनी कानावरचे डबे काढले. चाळीस वर्षांची मॅनेजर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली, पण जागची उठून मला दार दाखवून आली. त्या दिवसापासून लोक तिच्याशी जरा जास्तच आदराने बोलतात. हसू दाबताना माणूस आपोआप आदबशीर दिसतो.

तीन दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. तुला पुरावा हवा होता ना, की तिचं तिकडे काही खरं नाही म्हणून? तर ऐक. ती स्वतः आता कार्यक्रम लिहीतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, सापडली! दिवसभर काय करते? तर तिच्याकडे घडीचं एक बुटकं स्टूल आहे. ते काखेत मारून ती फिरते, ज्याची चिठ्ठी 'अडलेलं'मध्ये आहे त्याच्या शेजारी स्टूल मांडते, त्याच्यापेक्षा खाली बसते, आणि विचारते, "कुठे अडलंय?" बस. मग ऐकते. पुढचा माणूस सांगत जातो, सांगता सांगता मध्येच थांबतो, 'अरेच्चा' म्हणतो, आणि ही स्टूल मिटून पुढे. उत्तर तिला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं, हे मी तिच्या भुवईवरून ओळखलं. (तुझी भुवईही तशीच उडते. मी त्या भुवईच्या धाकात वाढलो आहे.) पण ती सांगत नाही. ताई, बाकांमधून फिरत मुलाच्या शेजारी जमिनीवर बसणारी एक मास्तरीण मी पूर्वी पाहिली होती. तिचं नाव घेत नाही, ती हे पत्र वाचते आहे.

छकुलीची पूर्वकथा मला कार्यक्रम तपासणाऱ्या बाईंनी चहाच्या वेळी सांगितली. (यांना सगळे शंकासुर म्हणतात. त्या लिफ्टमध्ये शिरतानाही बटण आधी दोनदा दाबून बघतात.) तुझ्या शाळेत सहा वर्षं शिकवताना मधल्या सुट्टीत छकुली त्या संगणकाच्या कोंदट खोलीत काय करायची, याचा आपल्याला पत्ता नव्हता. ती तिथे प्रोग्रॅमिंग शिकत होती, वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलांसाठी. इथे आली ती नुसती गणितं लिहून द्यायला. मग प्रोग्रॅमर मंडळींना मूल कुठे अडतं हे समजेना, आणि समजावून सांगता सांगता हिच्या नाकी नऊ आले, तेव्हा तिने तेही काम स्वतःच अंगावर घेतलं. चार वर्षांनी ती एका गटाची प्रमुख झाली आणि पहिला मोठा कार्यक्रम तिच्या हाताखाली तयार झाला. बरोबर उत्तराला चांदणी, दहा चांदण्यांना पदक. मुलं तासन् तास खेळायची. कंपनीत टाळ्या. आणि वर्षभराने हीच एक कागद घेऊन वरिष्ठांकडे गेली, म्हणाली की मुलं चांदण्या मिळवायला शिकली आहेत, गणित शिकलेली नाहीत. हे बंद करा. स्वतःचं दीड वर्षाचं काम, स्वतःच्या तोंडाने! शंकासुर म्हणाल्या, त्या दिवशी आम्हाला तिचा इतका राग आला होता की विचारू नका, आणि तिच्याशिवाय कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही हेही आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

आणखी एक. त्यांच्यात एक दाढीवाला आहे, दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. त्याच्या हातून गेल्या वर्षी अशी चूक झाली की हजारो मुलांनी आठवडाभर सोडवलेली गणितं एका झटक्यात पुसली गेली. तो घरी जाऊन राजीनामा लिहीत बसला. छकुलीने सगळ्या शाळांना माफीचं पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं, त्यात त्याचा उल्लेखही नाही, आणि त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळींची छापील प्रत घेऊन त्याच्या घरी गेली. दोन पानं वाचून तिने एका ओळीपाशी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आणि म्हणाली, "इथपर्यंत बरोबर." तो कागद त्याने अजून टेबलाशेजारी चिकटवून ठेवला आहे. मी चष्मा पुसून पाहिला. ताई, तुला काय सांगायचं! आयुष्यभर तू एकाही वहीत लाल फुली मारली नाहीस. जिथे पोर चुकलं तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचीस, इथपर्यंत बरोबर म्हणायचीस, आणि पोर स्वतः पुढचं करेपर्यंत गप्प बसायचीस. माझ्या वह्यांत तर इतकी टिंबं होती, की आईला वाटायचं वहीवर पाऊस पडला.

त्यांच्या नव्या कार्यक्रमाचा प्राणही तेच टिंब आहे. मूल चुकलं की पडद्यावर फुली येत नाही, चुकीच्या जागी टिंब येतं आणि पुढे यंत्र गप्प. मूल विचार करत असेल तर तेही वाट बघतं. यावरूनच तिची एका गृहस्थाशी लढाई जुंपली होती. ते विक्रीप्रमुख. (मी त्यांचं नाव भोंगा ठेवलं आहे, आवाज ऐकशील तर पटेल. माणूस वाईट नाही.) भोंग्याचं म्हणणं, गप्प बसणारं यंत्र विकायचं कसं? चुकल्यावर लाल फुली यावी, घंटा वाजावी, अर्ध्या मिनिटात उत्तर सांगून टाकावं, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. शेवटी असं ठरलं, की शाळांच्या एका मोठ्या संस्थेच्या प्रमुख बाई गुरुवारी कार्यक्रम बघायला येताहेत. त्यांनी पसंत केला तर टिंब राहील, नापसंत केला तर फुली आणि घंटा. म्हणजे छकुलीची सगळी कमाई गुरुवारवर लटकलेली, आणि मी सोमवारी खिशात तुझा अर्ज घेऊन तिथे हजर.

सोमवारी मला तपासणीला बसवलं. गणित आलं: तीन छेद चारमधून दोन छेद तीन वजा करा. मी जुन्या शत्रूला ओळखलं. तरी तुझी शिकवण आठवून दोघांचा छेद बारा केला. नऊ छेद बारा, वजा आठ छेद बारा. इथवर माझा मलाच अभिमान वाटला. मग नवातून आठ गेले, राहिला एक. बारातून बारा गेले, राहिलं शून्य. मी ठासून लिहिलं, एक छेद शून्य. आणि ताई, यंत्र बंद पडलं! नुसतं माझं नव्हे, खोलीतले सगळे पडदे पांढरे झाले. मला घाम फुटला, म्हटलं आता भाचीची नोकरी गेली. तर शंकासुर धावत आल्या, माझा हात हातात घेऊन दोनदा दाबला आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला सुचलं कसं?" दाढीवाल्याने कबुली दिली की खाली कुणी शून्य लिहील हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तुला सांगतो, असं कौतुक मला निरोपसमारंभातही मिळालं नाही. दोन दिवस तीन इंजिनिअर माझ्या चुकीवर राबत होते. भिंतीवर 'अडलेलं'मध्ये चिठ्ठी लागली: 'मामांचं शून्य'. बुधवारी संध्याकाळी ती 'झालं'मध्ये गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी पाहुण्या बाई आल्या. पांढरे केस, काटक बांधा, कमी बोलणं. बघताक्षणी तुझी आठवण झाली आणि मी सवयीने नखं स्वच्छ आहेत का पाहिली. त्या म्हणाल्या, तयार केलेलं काही दाखवू नका, कुणी खरोखर सोडवताना बघायचं आहे. छकुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बसलो. गणित तेच निघालं. (म्हणजे नशीब बघ.) सात माणसं पाठीशी उभी, आणि माझं डोकं साफ रिकामं. एक मिनिट गेलं, दोन गेली. यंत्र गप्प, मी गप्प. भोंग्याला राहवेना, त्याला वाटलं यंत्र पुन्हा गेलं, तो हात पुढे करून बटण दाबणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा हो. ते विचार करताहेत." ताई, मी विचार कसला करतोय, मी कच्चं काम करायला कागद शोधत होतो. शेवटी सदऱ्याच्या खिशात एक सापडला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी नऊ छेद बारा, आठ छेद बारा, सगळं मांडलं, ते पडद्यावर उतरवलं आणि भर सभेत, संपूर्ण आत्मविश्वासाने, पुन्हा एक छेद शून्य लिहिलं.

यंत्र बंद पडलं नाही. नऊ छेद बारा वजा आठ छेद बारा, त्याच्यापुढे एक बारीक टिंब उमटलं. आणि माझ्या तोंडून पंचावन्न वर्षांपूर्वीचं वाक्य निघून गेलं: "बरं ताई, परत करतो." कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, ताई कोण? मी आपला जीभ चावतोय, तोवर छकुली म्हणाली, "माझी आई. हे टिंब तिचं आहे. मी तिच्याकडून घेतलं आणि जास्त वर्गांत नेलं, एवढंच." आवाज जरासुद्धा हलला नाही. अकरा वर्षांत तुझ्याशी तब्येतीपलीकडे न बोललेली पोरगी परक्या बाईसमोर हे बोलली. मी खाली मान घालून परत केलं आणि एक छेद बारा आलं. पाहुण्या बाई म्हणाल्या, मला यांचं कच्चं काम बघू दे.

कागद छकुलीने उचलला. आणि देता देता उलटला. तो कुठला कागद होता हे तू ओळखलं असशीलच, मला मात्र तेव्हा कळलं. निळी शाई, तुझं अक्षर, वर ठळक 'मुख्याध्यापकपदासाठी अर्ज'. तिने मथळा वाचला, बाईंना पाठची बाजू दाखवली, परत घेतला, चार घड्या करून खिशात ठेवला, आणि पुढचा अर्धा तास अशा शांतपणे एकेका प्रश्नाला उत्तर देत राहिली की मी बघतच राहिलो. बाईंनी टिंब पसंत केलं. त्यांच्या सगळ्या शाळांत ते जाणार आहे. भोंगा इतका खूश झाला की टिंबाची कल्पना त्याचीच होती असं संध्याकाळपर्यंत त्याला वाटू लागलं.

घरी आल्यावर मी बोलणी खायच्या तयारीने बसलो. तिने चहा केला, कागद उघडून टेबलावर ठेवला, आणि म्हणाली, "आईचं अक्षर अजून तसंच आहे रे. एक ओळ वाकडी नाही." बस, एवढंच. मी सहीचा विषय काढला नाही. ताई, तुझा हा भाऊ तुझ्या हुकमाबाहेर कधी गेला नाही, पण या वेळी गेला. ती शाळा सोडून कुठेही गेलेली नाही. ती आपली बाकांमधून फिरते आहे, फक्त बाकं आपल्याला घरून दिसत नाहीत. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि हे तिला सांगायचं सोडून तुला लिहितो आहे, कारण आपल्या घरात चांगलं बोलायचं तर ते तिसऱ्या माणसाशीच बोलतात.

तुझी पाठ सांभाळ. वरच्या बाईंना माफ कर, निदान एक आठवडा.

तुझा आज्ञाधारक (हे पत्र वगळता)
धाकटा

ता. क. माझ्या परतीची वाट पाहू नकोस. शंकासुरांनी मला दोन महिन्यांसाठी ठेवून घेतलं आहे. पुढे दशांश चिन्ह आणि शेकडेवारी येते आहे, आणि दोन्हींत माझा हात धरणारा कुणी नाही असं मी त्यांना खात्रीपूर्वक सांगितलं आहे. माझा तपकिरी कोट पाठव.

ता. क. दोन. खरं काम सांगायचं राहिलंच. ज्या लहान मुलांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी यंत्राला बोलता यायला हवं, 'इथपर्यंत बरोबर' एवढंच. त्यासाठी चौदा जणींचे आवाज ऐकून झाले. सगळ्या गाडीची वेळ सांगितल्यासारख्या बोलतात. छकुली प्रत्येकीला नको म्हणते, आणि कुणाचा हवा ते सांगत नाही. शंकासुर हैराण आहेत. मी हैराण नाही, मला माहीत आहे. ती विचारणार नाही आणि तू आपणहून म्हणणार नाहीस, म्हणून हे टपाल मीच पोचवतो. दोन शब्द आहेत, ताई. तुझा घसा बरा आहे ना?

ता. क. तीन. अर्ज सोबत जोडला आहे. सही नाही. पाठीमागे माझं कच्चं काम आहे, त्याबद्दल क्षमस्व. आज सकाळी ऑफिसला निघताना ती तो टेबलावर ठेवून गेली, आईला परत पाठव म्हणाली. मला वाटलं, संपलं. मग पाकिटात घालण्याआधी चष्मा लावून पाहिलं. पुढच्या बाजूला 'शिक्षणक्षेत्रातील अनुभव' या रकान्यात तू 'सहा वर्षे' लिहिलं आहेस. त्याच्यापुढे पेन्सिलीने एक टिंब आहे. बारीक, खोडता येईल असं. म्हणजे पुढची अकरा वर्षं आता तुला तुझ्या हाताने लिहायची आहेत. टिंब दिल्यावर बाईंनी काही बोलायचं नसतं, नुसती वाट बघायची, हा नियम तुझाच आहे. ती वाट बघते आहे.